अमेरिकेच्या यादवीवर वाचायचं तर कोणतं पुस्तक?

गेले काही महिने नागपुरातल्या आमच्या धरमपेठेच्या वाचनकट्ट्यावर एकच वाद चाललाय, की अमेरिकेच्या यादवी युद्धावर, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये दक्षिणेतली गुलामगिरीवाली राज्यं देशातून फुटून निघाली आणि उत्तरेशी लढली त्यावर, एखादं चांगलं पुस्तक वाचायचं तर ते कोणतं. विषय छान आहे, पण वाद ज्या पद्धतीने चाललाय ती मला अजिबात पटत नाही, म्हणून हे लिहायला बसले. एक गट म्हणतो जे पुस्तक दोन्ही बाजूंना सारखा न्याय देतं आणि कुणालाच दोषी धरत नाही तेच खरं इतिहासाचं पुस्तक, बाकी सगळा प्रचार. दुसऱ्या गटाला लढाया पाहिजेत, सेनापती, नकाशे, कोणी कुठून हल्ला केला ते. आणि तिसरा गट, ज्यात बहुतेक तरुण पोरं आहेत, तो सरळ विचारतो, "काहून वाचायचं ताई आपण ते? आपला काय संबंध?" माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. यादवीवरचं पुस्तक वाचण्यासारखं आहे की नाही हे दोन गोष्टींवरून ठरतं. युद्धाच्या आधी लोक स्वतःच्या तोंडाने काय बोलत होते ते कागद ते समोर ठेवतं का, आणि बंदुका थांबल्यावर ज्यांच्यावरून हे सगळं पेटलं त्या माणसांचं पुढे काय झालं तिथपर्यंत ते जातं का. या दोन्हींत जे नापास ते कितीही सुंदर लिहिलेलं असो, कितीही संतुलित वाटो, मी तरी कुणाला सुचवणार नाही.

आता "दोन्ही बाजू" वाल्यांचं बोलणं नीट ऐकू, कारण त्यांचे मुद्दे कच्चे नाहीत. ते म्हणतात की युद्ध गुलामगिरीवरून झालं असं सरसकट म्हणणं म्हणजे उत्तरेला साधुसंत करून टाकणं. बरोबर आहे. खुद्द लिंकनने ऑगस्ट १८६२ मध्ये संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवणं हा आहे, गुलामगिरी ठेवणं किंवा मोडणं हा नाही. मिसुरी, केंटकी, मेरीलँड, डेलावेअर ही चार राज्यं गुलामगिरी ठेवूनच उत्तरेच्या बाजूने राहिली. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल झाली आणि जमावाने काळ्या लोकांना रस्त्यावर ठार मारलं, तेही उत्तरेतच. दक्षिणेच्या फौजेतले बहुतेक साधे शिपाई स्वतः गुलामांचे मालक नव्हते, फुटून निघालेल्या राज्यांत साधारण दर तीन-चार गोऱ्या कुटुंबांमागे एकाकडे गुलाम होते. यातली एकही गोष्ट खोटी नाही आणि जे पुस्तक या गोष्टी लपवतं ते मलाही नको.

पण यातून "म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर" हा निष्कर्ष कसा काय निघतो? इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. दक्षिण फुटून का निघाली हा एक, आणि उत्तर सुरुवातीला कशासाठी लढली हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे, ते युद्धाच्या चार वर्षांत बदलतही गेलं. पहिल्याचं उत्तर दक्षिणेने स्वतःच लेखी देऊन ठेवलंय. मिसिसिपीने जानेवारी १८६१ मध्ये फुटताना जो जाहीरनामा काढला त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दक्षिणेच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात भाषण केलं, की आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगडच हा आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक स्थिती. राज्यांच्या हक्कांसाठी लढलो म्हणतात, मग १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्याचं काय? तो कायदा केंद्र सरकारने उत्तरेच्या राज्यांवर लादलेला होता, त्या राज्यांना नको असताना, आणि साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात तक्रार आहे ती हीच की उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत. दक्षिणेने आपली नवी राज्यघटना लिहिली तेव्हा त्यात गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला बंदीच घातली. राज्यांचा कोणता हक्क, कशावरचा हक्क, हा प्रश्न जे पुस्तक विचारतच नाही ते संतुलित कसं?

आणि सगळ्यात मोठी गंमत, नाही, गंमत कसली, दुःखाचीच गोष्ट ही की हाच स्टीफन्स युद्ध हरल्यावर १८६८ ते १८७० मध्ये दोन जाडजूड खंड लिहितो आणि त्यात युद्ध राज्यघटनेच्या अर्थावरून झालं म्हणून सांगतो. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस १८८१ मध्ये तेच करतो. माणूस तोच, आधीचं बोलणं वेगळं आणि नंतरचं वेगळं. अशा वेळी आधीच्या कागदाला जास्त वजन द्यायचं हे आपल्याला मराठीत कुणी शिकवायला हवं का? राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची किती कठोर तपासणी केलीय. बखर वाचायला गोड, प्रसंग रंगवलेले, संवाद ठसठशीत, पण त्या वेळी छावणीतून गेलेलं चार ओळींचं पत्र बखरीतली अख्खी पानं पाडून टाकू शकतं. पानिपतावर बोलताना आपण हा नियम मानतो, मग अमेरिकेवर बोलताना पराभवानंतर लिहिलेल्या बखरीला आणि पराभवाआधीच्या पत्राला एकाच तराजूत का घालायचं?

म्हणून मी पहिलं पुस्तक सुचवते ते चार्ल्स ड्यू यांचं 'अपॉसल्स ऑफ डिसयुनियन', २००१ चं. छोटंसं आहे, दोन बैठकांत संपेल. हा माणूस स्वतः दक्षिणेत वाढलेला, लहानपणी दक्षिणेच्या सेनापतींच्या गोष्टी ऐकत मोठा झालेला. त्याने शोधून काढलं की आधी फुटलेल्या राज्यांनी बाकीच्या गुलामगिरीवाल्या राज्यांकडे आपले वकील म्हणजे दूत पाठवले होते, तुम्हीही फुटा म्हणून पटवायला, आणि या वकिलांची भाषणं आणि पत्रं त्याने समोर मांडली. ते लोक आपापसात बोलत होते, जगासाठी नाही, त्यामुळे काही झाकायची गरज नव्हती. वाचताना अंगावर काटा येतो. कर, जकात यांचा उल्लेख जेमतेम, सगळी भीती एकच, की गुलाम सुटले तर आपल्या बरोबरीने बसतील. लेखक आरडाओरडा करत नाही, शिव्या देत नाही, कागद ठेवतो आणि बाजूला होतो. माझ्या मते निःपक्षपणा म्हणतात तो हा.

कागदसुद्धा तपासून घ्यावे लागतात, हेही सांगायला हवं. मेरी चेसनट नावाच्या दक्षिणेतल्या बड्या घरच्या बाईची युद्धकाळातली डायरी खूप प्रसिद्ध, पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती प्रत्यक्ष त्या दिवसांत लिहिलेली म्हणून वाचली. पण तिने तो मजकूर १८८० च्या दशकात बऱ्याच प्रमाणात नव्याने लिहून काढला होता, आणि इतिहासकार व्हॅन वुडवर्ड यांनी १९८१ मध्ये तिची जी आवृत्ती काढली त्यात हे सगळं उलगडून दाखवलं. डायरी म्हणून टाकाऊ झाली का? मुळीच नाही, उलट आता ती दोनदा वाचता येते, १८६१ ची बाई आणि वीस वर्षांनंतरची तीच बाई. चांगला संपादक वाचकाला हे सांगतो.

आता येऊ दुसऱ्या लाडक्या वाक्याकडे, "इतिहास जेते लिहितात". कट्ट्यावर हे वाक्य कोणीतरी टाकलं की चर्चा तिथेच थांबते, सगळे माना डोलावतात. पण अमेरिकेच्या यादवीत झालं नेमकं उलटं, जवळजवळ शंभर वर्षं हरलेल्यांनी लिहिलेला इतिहास चालला. रिचमंडचा एक पत्रकार एडवर्ड पोलार्ड याने १८६६ मध्येच 'लॉस्ट कॉज' म्हणजे हरलेलं ध्येय या नावाचं पुस्तक काढलं आणि पुढे त्याच नावाने एक अख्खा पंथ उभा राहिला. दक्षिणेच्या सैनिकांच्या मुलींची एक संघटना होती, तिच्या इतिहासाचं काम बघणाऱ्या मिल्ड्रेड रदरफोर्ड या बाईंनी १९२० च्या सुमारास शाळा-कॉलेजं आणि ग्रंथालयांसाठी एक मापदंडाची पुस्तिका काढली. दक्षिण गुलाम राखायला लढली असं जे पुस्तक म्हणेल ते नाकारा, आणि ग्रंथालयात आधीच असलेल्या अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा की हे दक्षिणेवर अन्याय करणारं आहे. विचार करा, बर्डीवरच्या एखाद्या वाचनालयात तुम्ही पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर असा शेरा मारलेला! शाळकरी मुलगा ते पुस्तक घरी नेईल का?

हे फक्त शाळांपुरतं नव्हतं. कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी युद्धानंतरच्या काळावर जी पुस्तकं लिहिली त्यांचा सूर असा, की सुटलेल्या गुलामांना मतदानाचा हक्क देणं हीच घोडचूक होती, हे लोक राज्य करायला लायकच नव्हते. तळटिपा भरपूर, भाषा विद्वत्तेची, छाप पडणारी. नागपूरकरांनी इथे जरा थांबावं, कारण १९१३ ते १९१६ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते आणि डनिंग तेव्हा तिथे शिकवत होते. एकाच आवारात एकीकडे हा इतिहास रचला जात होता आणि दुसरीकडे ज्यांना आयुष्यभर लायकी विचारली गेली त्यांच्यातला एक तरुण वाचत बसला होता.

डनिंग पंथाला उत्तर दिलं डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या अमेरिकन विद्वानाने, १९३५ मध्ये, 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' हे सातशेपेक्षा जास्त पानांचं पुस्तक लिहून; रिकन्स्ट्रक्शन म्हणजे युद्धानंतरचा दक्षिणेच्या पुनर्बांधणीचा काळ. गुलाम हे कुणी सोडवायची वाट बघत बसलेले नव्हते, मळे सोडून ते निघाले, उत्तरेच्या फौजेकडे आले, दक्षिणेचं अर्थकारण त्यांनी कामच बंद करून खिळखिळं केलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटचं प्रकरण तर इतिहासकारांनी केलेल्या प्रचारावरच आहे, एकेकाचं नाव घेऊन. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकाने तेव्हा त्या पुस्तकाचं परीक्षणसुद्धा छापलं नाही. आज त्यातल्या काही गोष्टींवर टीका होते, गुलामांच्या निघून जाण्याला सार्वत्रिक संप म्हणणं ओढूनताणून आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मलाही ते थोडं पटतं. पण मुख्य म्हणणं टिकलं, इतकं की १९८८ मध्ये एरिक फोनर यांनी 'रिकन्स्ट्रक्शन' लिहिलं तेव्हा त्याच पायावर उभं राहून लिहिलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइसना पत्र लिहिलं, की भारतातल्या अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या निग्रोंच्या परिस्थितीत इतकं साम्य आहे की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला साहजिकच नाही तर गरजेचाही आहे, आणि डु बॉइसनी आपुलकीने उत्तर दिलं. "आपला काय संबंध" विचारणाऱ्या पोरांनी दीक्षाभूमीवरून जाताना हे पत्र आठवावं.

आणि बाबासाहेबांच्याही आधी जोतीराव. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवायला औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला त्यांना. त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ ला, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादावरून हत्यारबंद गोऱ्या जमावाने कचेरीच्या बचावाला उभ्या असलेल्या काळ्या माणसांना मारलं, कित्येकांना शरण आल्यावर. जोतीराव ज्या सुटकेला हात जोडत होते ती तिथे त्याच वर्षी रक्तात बुडवली जात होती. जोतीराव चुकले असं मी म्हणत नाही, युद्धाने चाळीस लाख माणसं विकली जाण्यातून सुटली हे खरंच आहे आणि त्याला हात जोडावेत असंच ते होतं. पण कोलफॅक्समध्ये पुढे १९५० च्या सुमारास सरकारी पाटी लागली, तिच्यावर या घटनेला दंगल म्हटलं आणि तिने दक्षिणेतला कुशासनाचा काळ संपवला असं कोरलं. ती पाटी निघाली २०२१ मध्ये. सत्तर वर्षं ज्यांचे पूर्वज तिथे मेले ती माणसं त्या पाटीवरून येत-जात राहिली. १८६५ ला संपणारं पुस्तक हे कसं सांगणार? दक्षिणेचा सेनापती ली याने उत्तरेच्या सेनापती ग्रँटपुढे शरणागती पत्करली, दोघांनी अदबीने बोलणं केलं, शेवट. या शेवटात सुटलेला गुलाम कुठेच नाही.

दोन्ही बाजूंना समान ठेवण्याची ओढ कुठून आली हे डेव्हिड ब्लाइट यांनी 'रेस अँड रियुनियन' मध्ये दाखवलंय. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली, दोन्हीकडचे म्हातारे सैनिक हजारोंनी जमले, हात मिळवले, राष्ट्राध्यक्ष विल्सननी जुनं भांडण विसरल्याचं भाषण केलं. आणि त्याच वर्षी विल्सनच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये काळ्या-गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. भावाभावांचा समेट झाला तो तिसऱ्याच्या खर्चाने. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, १८७८ मध्येच न्यूयॉर्कच्या भाषणात बजावून गेला होता की या युद्धात एक बाजू बरोबर होती आणि एक चूक, आणि कोणत्याही भावनेच्या भरात हे विसरू नका.

लढायांच्या पुस्तकांवर मला राग नाही. शेल्बी फूट यांचे तीन खंड, १९५८ ते १९७४, भाषेच्या दृष्टीने अप्रतिम आहेत, माणूस कादंबरीकार होता ते पानापानावर कळतं. पण त्यात तळटिपा नाहीत आणि गुलाम माणूस बोलताना फारसा दिसत नाही. लढाई महत्त्वाची नसते असं म्हणणारेही चुकतात, कारण सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत लीची फौज अडली म्हणून पाच दिवसांनी लिंकनला गुलाममुक्तीची घोषणा करता आली, आणि सप्टेंबर १८६४ ला अटलांटा पडलं म्हणून नोव्हेंबरची निवडणूक तो जिंकला. हे धागे एकत्र विणून दाखवणारं एकच पुस्तक घ्यायचं तर जेम्स मॅकफर्सन यांचं 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम', १९८८. त्यात तोफाही आहेत आणि संसदही, आणि कुठल्याही क्षणी गोष्ट वेगळी घडू शकली असती हे ते विसरू देत नाही. युद्धातल्या मरणाबद्दल वाचायचं तर इतिहासकार ड्रू गिल्पिन फाउस्ट यांचं पुस्तक. युद्धात मेलेल्यांचा सहा लाख वीस हजार हा जुना आकडा, २०११ मध्ये झालेल्या जनगणनेच्या नव्या अभ्यासाने तो साडेसात लाखांच्या आसपास नेला, आणि एवढी प्रेतं ओळखायची कुणी, पुरायची कुणी, घरी कळवायचं कुणी, याचा विचारच त्या देशाने आधी केलेला नव्हता.

राहिला संबंधाचा प्रश्न, तर आपल्याइतका संबंध फार थोड्यांचा असेल. १८५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या गिरण्यांत जो कापूस लागायचा त्याचा सुमारे ७७ टक्के अमेरिकेतून यायचा, गुलामांच्या हातून वेचलेला. युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि मँचेस्टरवाल्यांची नजर वळली ती आपल्याकडे, वऱ्हाडकडे, हिंगणघाटकडे. भाव कुठल्या कुठे गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस आयुक्त नावाचा साहेब नेमला गेला, ज्वारीच्या वावरात कपाशी शिरली. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, पण पऱ्हाटी काही वावरातून निघाली नाही. १ जानेवारी १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत दक्षिणेतून केंद्राचं शेवटचं सैन्य बाजूला करून काळ्या लोकांना वाऱ्यावर सोडलं गेलं. स्वेन बेकर्ट यांचं 'एम्पायर ऑफ कॉटन' या सगळ्या साखळीवर आहे आणि त्यात वऱ्हाड आहे. लक्ष्मण सत्य यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं १९९७ चं पुस्तक तर पूर्ण आपलंच, कापसाच्या या लाटेचा नाळसंबंध ते शतकाच्या शेवटच्या भयंकर दुष्काळांशी जोडतात. कॉटन मार्केटात आपण भाजी घ्यायला जातो, त्या नावाच्या मागे मिसिसिपीतला मळा पण आहे हे आपल्या पोरांना कोणत्या शाळेत सांगतात?

कुणी म्हणेल पुस्तकं जाडजूड, इंग्रजीत, महाग. खरं आहे. म्हणून सुरुवात ड्यूपासून करा, मग फोनर यांनीच आपल्या मोठ्या ग्रंथाची केलेली छोटी आवृत्ती घ्या, मॅकफर्सन सावकाश वर्षभर वाचा. आणि आपल्या वाचनालयांनी खरेदीच्या यादीत सेनापतींच्या चरित्रांच्या आधी डु बॉइस घ्यावं, निदान शेवटचं एक प्रकरण तरी कुणीतरी मराठीत आणावं. ज्या भाषेत १८७३ मध्येच अमेरिकेच्या गुलाममुक्तीला पुस्तक अर्पण झालं त्या भाषेत त्या मुक्तीचं पुढे काय झालं हे वाचायला मिळू नये, हे मला सहन होत नाही. भाषांतर करायला कुणी तयार असेल तर पुढच्या बैठकीला या, मी मदतीला बसते.